दुसऱ्यांदा ताप आला की घरात चौकशी बसते

पत्र असं आलंय, थोडं कापून देते:

"ताई, मी ४१ वर्षांची, अक्कलकोट रोडला एका टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघते. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मला फ्लू झाला, टेस्ट केली, एच३एन२ निघाला. आठ दिवस पडून होते. सगळ्यांनी खूप केलं माझं, नणंद बार्शीहून येऊन राहिली. आता २२ जानेवारीला परत तसंच, १०२ ताप, अंग मोडून आलंय, खोकला थांबेना. आज चौथा दिवस, ताप कमी आहे. पण या वेळी घरात कुणाला खरंच वाटत नाही. सासूबाई (वय ७४, शुगर आहे) म्हणतात सारखं सारखं आजारी पडूलालीस की, गड्ड्यात (सोलापूरच्या सिद्धेश्वर जत्रेत) फिरलीस, हुरड्यावर दही खाल्लंस, डोक्यावरून गार पाणी घेतलंस. मिस्टर म्हणतात एकदा झालेला रोग परत होत नसतो, तुझी इम्युनिटीच गेलीय, आणि मित्राकडून १८०० रुपयांची पावडर आणून ठेवलीय. मला २०२१ ला कोरोना पण झालेला. मागच्या वेळच्या अझिथ्रोच्या दोन गोळ्या उरलेल्या, त्या मी घेतल्या. माझ्या शरीरात काही बिघडलंय का? आणि २० फेब्रुवारीला भाचीचं लग्न आहे अक्कलकोटला, जाऊ का नको? – दुसऱ्यांदा झोपलेली"

अगं दुसऱ्यांदा झोपलेल्या बाई,

सही वाचून आधी हसले, मग पत्र परत वाचलं तेव्हा हसू जिरलं, कारण हे मी स्वतः भोगलंय. पहिल्यांदा आजारी पडलं की पाहुणचार होतो, दुसऱ्यांदा पडलं की चौकशी बसते, काय खाल्लंस, कुठं गेलीस, कुणाशेजारी बसलीस, स्वेटर का नाही घातलास, जसं काही तू बाजारातून ताप पिशवीत घालून आणलास. मला कोरोना पहिल्यांदा सप्टेंबर २०२० ला झाला तेव्हा गल्लीतल्या बायकांनी रोज गेटला डबे लटकवले, एकीनं तर दाराबाहेर उभं राहून आरती म्हणली. दुसऱ्यांदा जानेवारी २०२२ ला झाला, तेव्हा आमची सूनबाई दारातूनच "आई, परत?" एवढंच म्हणाली आणि त्या "परत"मध्ये सगळं आलं. मलाच लाज वाटायला लागली बघ, म्हणजे आजारी पडल्याची लाज! सात दिवस संपले त्याच सकाळी कामावर गेले, आमचे साहेब म्हणाले दुसऱ्यांदा म्हणजे काय नुसती सर्दीच, आणि मी पण येड्यासारखी पहिल्याच दिवशी दोन पाळ्या केल्या. पुढचा दीड महिना दोन जिने चढले की मध्ये पायरीवर बसायचे.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर आधीच देऊन टाकते, तुझ्या शरीरात काही बिघडलेलं दिसत नाही मला, आणि परत आजारी पडलीस ही तुझी चूक पण नाही. त्या दोन गोळ्यांचं मात्र चुकलं, त्याच्यावर येतेच. (मी डॉक्टर नाही हां, सव्वीस वर्षं लॅबमध्ये लोकांच्या नाकात काड्या घातल्यात, तेवढ्या अधिकारानं बोलते.)

तुझे मिस्टर म्हणतात एकदा झालेला रोग परत होत नसतो, ते अगदीच खोटं नाही. गोवराचं तसंच आहे. फॅरो म्हणून डेन्मार्कची बेटं आहेत समुद्रात, तिथं १७८१ ला गोवर येऊन गेला आणि मग थेट १८४६ ला आला, मध्ये ६५ वर्षं काहीच नाही. पानुम नावाचा डॉक्टर तिथं गेला होता, त्यानं बघितलं की गावभर गोवर पसरला पण १७८१ ला ज्यांना लहानपणी झाला होता त्या म्हाताऱ्यांना कुणालाच परत झाला नाही. आपल्या घराघरात जे बोलतात ना, "एकदा येऊन गेला, आता काळजी नाही", ते गोवर-कांजिण्यांवरून आलेलं शहाणपण आहे आणि तिथं ते बरोबर आहे. फ्लूला, साध्या सर्दीला, कोरोनाला ते लावलं की गणित चुकतं.

का चुकतं, तर एक म्हणजे फ्लूचा विषाणू बदलत राहतो, इतका की त्याच्या लसीत काय घालायचं ते जागतिक आरोग्य संघटनेला वर्षातून दोनदा बसून ठरवावं लागतं. हे लोकांना माहिती असतं. दुसरं कारण फार कुणी सांगत नाही, ते वेळेचं आहे. गोवर अंगात शिरल्यापासून दिसायला दहा-बारा दिवस लागतात, तेवढ्यात शरीराला जुनी ओळख आठवून फौज गोळा करायला निवांत वेळ मिळतो. फ्लूला लागतात एक ते चार दिवस. आणि त्याला रक्तात फिरायची गरजच नाही, नाकात-घशात आला, तिथंच वाढला, तिथूनच पुढच्याकडं गेला.

आपल्या सोलापूरच्या पाण्यासारखं समज. नळाला पाणी काही दिवसाआड येतं म्हणून आपण पिंपं, टाक्या, अगदी कळशा पण भरून ठेवतो. आजारपणानंतर नाकात-घशात ज्या अँटीबॉडी असतात ते हे भरलेलं पिंप, ते आटत जातं, काही महिन्यांत तळ दिसतो. पण पाणी कधी येतं, मोटर कुठली लावायची, आधी काय भरायचं हे घराला पाठ असतं ना, ते नाही आटत, शरीराची ती आठवण वर्षानुवर्षं राहते. म्हणून परत लागण होते, नाक गळतं, ताप येतो, पण ती आठवण जागी होऊन कामाला लागली की दुखणं बऱ्याचदा छातीत उतरायच्या आत आवरतं. बऱ्याचदा म्हणलं, नेहमी नाही. दुसऱ्यांदा म्हणजे हलकंच असणार असं धरून चालायचं नाही, वय, शुगर, दमा, आणि समोर नेमका कुठला विषाणू आलाय त्यावर ते असतं.

ही आठवण किती जुनी असू शकते ते आम्ही २००९ च्या स्वाइन फ्लूत (तो एच१एन१ प्रकारचा) बघितलंय. त्या साथीत तरणी पोरं जास्त पडत होती, म्हातारी माणसं त्या मानानं कमी. साधारण १९५७ च्या आधी जन्मलेल्यांनी लहानपणी एच१एन१ च्याच जुन्या भावकीतला फ्लू बघितलेला होता, पन्नास वर्षांनी पण शरीर ते विसरलं नव्हतं. तुझ्या सासूबाई त्याच पिढीतल्या. पण त्यांना हे सांगू नकोस, नाहीतर "मला काय होतंय" म्हणून तुझ्या उशाशी येऊन बसतील. तुला नोव्हेंबरात निघाला तो एच३एन२, तो माणसांत आला १९६८ ला, आणि म्हाताऱ्यांना जास्त पाडतो तो हाच.

आता मुळात हे "परत" आहे का? तू गृहीत धरलंस की तेच झालंय, पण या वेळी टेस्ट कुठं केलीस? पहिल्यांदा एच३एन२ होता हे कागदावर आहे, आत्ता काय आहे ते कुणालाच माहिती नाही. आठ आठवड्यांत तोच नमुना परत लागणं कमीच घडतं. एच१एन१ असेल, फ्लू-बी असेल, कोरोना असेल, आरएसव्ही असेल (लहान बाळांचा म्हणतात पण तो मोठ्यांना जन्मभर अधूनमधून होत राहतो), नाहीतर साध्या सर्दीचा ऱ्हायनोव्हायरस, ज्याचे दीडशेच्या वर प्रकार आहेत, एकेक भेटायचा म्हणलं तरी आयुष्य पुरणार नाही. अंगदुखी, ताप, खोकला सगळ्यांचा सारखाच, आपण एकच नाव देतो. म्हणजे दोन वेगळ्या चोरांनी एकाच घरात चोरी केली तर तू म्हणतेस कुलूप खराब, तसं झालं.

टेस्टचं पण एक सांगते, लॅबवाली म्हणून राहवत नाही. आरटी-पीसीआर मेलेल्या विषाणूचे तुकडे पण पकडते, बरं झाल्यावर कित्येक आठवडे पॉझिटिव्ह येऊ शकते. म्हणून नुसता दुसरा पॉझिटिव्ह कागद म्हणजे दुसरी लागण असं नसतं. कोरोनात आयसीएमआरच्या, म्हणजे सरकारच्या वैद्यकीय संशोधन संस्थेच्या लोकांनी तर दोन पॉझिटिव्हमध्ये कमीत कमी १०२ दिवस आणि मध्ये एक निगेटिव्ह अशी अट धरली होती. जगात पहिल्यांदा पक्कं सिद्ध झालेलं "परत" होतं हाँगकाँगच्या एका ३३ वर्षांच्या माणसाचं, ऑगस्ट २०२० मध्ये, पहिल्या लागणीनंतर १४२ दिवसांनी, आणि ते पण दोन्ही वेळचे विषाणू जनुकांपर्यंत तपासून वेगळे निघाले म्हणून. गंमत म्हणजे त्याला दुसऱ्या वेळी काहीच होत नव्हतं, स्पेनहून परत येताना विमानतळावर तपासणीत सापडला. नंतर ओमायक्रॉन आल्यावर परत होण्याचं अप्रूपच गेलं, दोनदा-तीनदा झालेली माणसं गल्लोगल्ली आहेत. तेव्हा २०२१ चा तुझा कोरोना, नोव्हेंबरचा फ्लू आणि हे, तिन्ही जोडून "माझी इम्युनिटी गेली" अशी माळ ओवू नकोस. पाच वर्षांच्या आसपास तीनदा ताप, त्यात तू रोज शंभर माणसांच्या कारखान्यात जातेस, हे काही जगावेगळं नाही. न्यूमोनिया वारंवार व्हायला लागला, वजन उतरायला लागलं, तोंडात पांढरं चट्टं येऊन जाईनात, तर मग जरूर तपासणी कर, आणि शुगर एकदा आत्ताच बघून घे, चाळिशी ओलांडलीय.

गड्ड्याचं. तू हिशेबनीस आहेस म्हणून तुझ्याच पद्धतीनं सांगते. ताप आला २२ ला. फ्लू असेल तर एक ते चार दिवस मागं जा, म्हणजे १८ ते २१. अक्षता सोहळा तर १३ लाच झाला! होम मैदानावर नंतर पाळण्यात बसायला गेली असशील तर गोष्ट वेगळी, पण तितकीच शक्यता ऑफिसातल्या शिंकणाऱ्या माणसाची, सिटी बसची, नाहीतर मिस्टरांचीच. आणि गर्दीचाच दोष काढायचा तर त्या दिवसांत सोलापुरातला कुठला गडी घरात बसतो? बाराबंदी घालून नंदीध्वजामागं दिवसभर खांद्याला खांदा लावून फिरणाऱ्यांना कुणी विचारत नाही, चौकशी बसते ती सुनेवर. दही, हुरडा, गार पाणी यातून विषाणू येत नाही. थंडीत आपण दारं-खिडक्या लावून एका खोलीत गोळा होऊन बसतो, याचं खोकलं त्याच्या पदरात पडतं, थंडीचा संबंध मुख्य करून तिथं येतो.

आता त्या गोळ्या. अझिथ्रो हे जिवाणूंवरचं औषध, विषाणूवर चालत नाही, फ्लूवर नाही, कोरोनावर नाही, कुठल्याच विषाणूवर नाही. मार्च २०२३ ला देशभर असाच ताप-खोकला चालू होता तेव्हा आयएमएनं, म्हणजे डॉक्टरांच्याच संघटनेनं, अझिथ्रोसारखी अँटिबायोटिक उगाच देऊ नका, घेऊ नका असं पत्रक काढलं होतं. त्यात उरलेल्या दोन गोळ्या म्हणजे कोर्स पण नाही, आपल्या अंगातल्या साध्यासुध्या जंतूंना या औषधाची ओळख करून दिलीस, उद्या खरंच गरज लागली तर तेच दाद देणार नाहीत. आणि मागच्या वेळी कोर्स असेल तर गोळ्या उरल्या कशा, हा पण प्रश्न आहेच, जाऊ दे. ते पाकीट आजच फेक, कपाटातल्या त्या स्टीलच्या डब्यात परत ठेवू नकोस (सगळ्यांच्या घरी असतो तो डबा, मला माहितीय).

तापाला पॅरासिटामॉल, ६५० ची असेल तर मध्ये सहा तास जाऊ देत आणि दिवसाला चारच्या वर नाही, आणि मेडिकलवाल्यानं दिलेली सर्दीची गोळी घेत असशील तर तिच्या पाठीवरचं बारीक अक्षर वाच, त्यात पण बऱ्याचदा पॅरासिटामॉलच असतं आणि लोक नकळत दुप्पट घेतात. बाकी पाणी, आमटी, झोप. वाफ घ्यायची तर घे, बरं वाटतं, विषाणू मरत नाही, आणि उकळतं पातेलं मांडीवर घेऊन नको.

डॉक्टरकडं लगेच कधी जायचं ते नीट वाच. दम लागायला लागला, छातीत दुखलं, ऑक्सिमीटर ९४ च्या खाली गेला, लघवी एकदम कमी झाली, बोलताना गोंधळ व्हायला लागला. आणि एक फसवं असतं, ताप उतरतो, दोन-चार दिवस बरं वाटतं, आणि मग परत ताप चढतो, पिवळा-हिरवा बेडका, छातीत कळ. हे "परत" वेगळं, हा नवा विषाणू नाही, मागून जिवाणूनं छाती धरलेली असते, तिथं अँटिबायोटिक लागतं आणि तेव्हा ते डॉक्टरच देतील.

पण मला खरी काळजी तुझ्यापेक्षा सासूबाईंची आहे, ७४ आणि शुगर. तू तापाच्या आदल्या दिवसापासून पुढं पाच-सात दिवस दुसऱ्याला देऊ शकतेस, म्हणजे अजून तीन दिवस तरी तू वेगळ्या खोलीत झोप, खोली एकच असेल तर खिडकी उघडी, तोंडाला मास्क, त्यांचं अंथरूण खिडकीच्या बाजूला. त्यांची इन्सुलिन-गोळ्या द्यायचं काम मिस्टरांकडं. आणि त्यांना ताप आला तर "बघू उद्या" नाही, त्याच दिवशी डॉक्टरकडं, कारण फ्लूचं जे औषध आहे ओसेल्टामिविर ते पहिल्या ४८ तासांत सुरू झालं तर जास्त उपयोगाचं. डॉक्टरांना सांगायचं घरात नोव्हेंबरात एच३एन२ होऊन गेलाय आणि आता परत ताप आहे.

पावडर परत दे. उघडली असेल तर मित्रालाच दुधात घालून पाज.

आणि घरातल्यांना तुझं दुखणं खरं वाटत नाही त्याचं काय करायचं, याला माझ्याकडं औषध नाही, एक युक्ती आहे. "मला बरं नाही" असं मोघम म्हणू नकोस, त्यावर कुणीही "होईल बरं" म्हणून निघून जातं. काम वाटून दे. मिस्टरांना सांग, पाच दिवस मी भाकऱ्या थापणार नाही, तापाच्या अंगानं चुलीपुढं उभी राहणार नाही. आपण तर सोलापूरकर, ज्या गावात महिनाभर टिकणारी कडक भाकरी मिळते तिथल्या बाईनं आजारपणात तवा तापवावाच का? नव्या पेठेतून एक चळत आणायला सांग, शेंगा चटणी घरात असेलच, तुझा घसा सोलवटलेला असेल तर कडक भाकरी गरम आमटीत कुस्करून दहा मिनिटं झाकून ठेव, लोण्यासारखी होते. मिस्टर चटणी-दह्यावर काढतील पाच दिवस, काही होत नाही. आणि नणंदेला फोन कर, येऊ नको म्हणून सांग पण फोन कर, तिनं भावाला चार शब्द सुनावले तर ते तुझ्या दहा शब्दांपेक्षा चालतील.

कामावर ताप औषधाशिवाय २४ तास उतरलेला असेल तेव्हाच, आणि पहिला आठवडा मास्क लावून. तुझं टेबल मागांच्या शेडला लागून आहे का? कापसाचे बारीक तंतू उडत असतात तिथं, आजारानंतर आधीच सोललेल्या घशाला ते महिनाभर झोंबतात, मालकाला सांगून थोडे दिवस आतल्या खोलीत बस. सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशीच छाती आवळल्यासारखी होते आणि मग आठवडाभर कमी होत जाते, असं कधी होत असेल तर तो विषाणू नाही, ते कापसाच्या धुळीचं दुखणं आहे, डॉक्टरांना नेमकं तसंच सांग. खोकला तीन आठवडे रेंगाळू शकतो, फ्लूनंतर ते चालतं, पण आपल्या गावात माग आणि विडी दोन्ही आहेत, टीबी पण आहे, तेव्हा दोन आठवड्यांच्या वर खोकला गेला की सरकारी दवाखान्यात बेडका तपासून घ्यायचा, फुकट असतं, त्यात लाजायचं काही नाही.

पूर्ण बरी झालीस की फ्लूची लस घे, सासूबाईंना पण दे, त्यांच्या न्यूमोनियाच्या लसीचं पण डॉक्टरांना विचार. "दोनदा झालं, आता लस कशाला" असं मिस्टर म्हणतील. लसीत एकाच वेळी तीन-चार प्रकार असतात, तुला भेटलेला फार तर एक किंवा दोन. दरवर्षी घ्यावी लागते, आणि असर यायला दोन आठवडे लागतात. आपल्याकडं फ्लू वर्षातून दोनदा डोकं काढतो, पावसाळ्याच्या सुमाराला आणि जानेवारी ते मार्च, त्यामुळं जूनच्या आधी घेतलेली बरी.

लग्नाला जा की, २० फेब्रुवारी म्हणजे जवळजवळ महिना आहे. तोवर खोकला राहिला असेल आणि तपासणी साफ असेल तर काही हरकत नाही, फक्त आजीबाईंच्या रांगेत बसू नकोस आणि मुहूर्ताच्या वेळी त्या बंद हॉलमध्ये दाराजवळची खुर्ची धर. हळदीला मात्र नाचायचं नाही, सांगून ठेवते, दम टिकणार नाही, खुर्चीत बसून गाणी म्हण आणि नणंदेला नाचू दे.